तळपद्यांच्या नातवाचं उष्टावण

गिरगावात आमच्याच मजल्यावर चिंतामणी तळपदे राहतो. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे, तोंडावर मी अहो-जाहो करते, पण मनात कधीच केलं नाही. विमा कंपनीत छत्तीस वर्षं त्याने एकच काम मन लावून केलं: लोकांचे अर्ज काहीतरी खुसपट काढून परत पाठवायचे. निवृत्त झाल्यावर घरच्यांचा नंबर लागला.

नातू मल्हार सहा महिन्यांचा झाला. डॉक्टरांनी सुनेला, जुईला, सांगितलं की आता नुसत्या दुधावर भागणार नाही, पेज-वरण सुरू करा. तळपदे म्हणाला, "उष्टावणाआधी अन्नाचा कण तोंडात जाणार नाही."

उष्टावण करायचं, तर त्याला हवा तो दादरचा हॉल मिळेना. घरी चार माणसांत उरकणं त्याच्या इभ्रतीत बसत नव्हतं. मुलाचं उष्टावण सम महिन्यात करतात, म्हणून सातवा बाद, थेट आठवा. दीडशे पाहुण्यांची सोय व्हावी म्हणून एका तान्ह्या पोराने दोन महिने थांबायचं.

तळपद्याचा मुलगा अनिमेष बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. तो जुईला म्हणाला, "बाबांशी कोण वाद घालणार?" एवढंच त्याचं बापपण.

एका सकाळी सासरा फिरायला गेल्यावर जुई बाळाला घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"काकू, आम्ही जेवायला बसलो की हा ताटाकडे बघून तोंड हलवतो. मला घास गिळवत नाही."

मी मुगाची डाळ आणि तांदूळ गिच्च शिजवले, घोटले, गाळून घेतले. पहिला चमचा मल्हारने जिभेने बाहेर ढकलला. दुसराही. जुईचे डोळे भरले.

"रडतेस काय? त्याला अजून गिळता येत नाही. उद्या परत आण," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी त्याने माझ्या हातातला चमचाच ओढला. मग नाचणीची पेज, कुस्करलेलं केळं, उकडलेला लाल भोपळा, सगळं रोज सकाळी माझ्या ओट्यापाशी. निघताना जुई त्याचं तोंड पुसायची, हनुवटीखालच्या वळ्या तपासायची, बोटांचा वास घेऊन बघायची. इंजिनियर झालेली मुलगी, आणि पोराला वरण भरवून चोरासारखी घरी जायची. तिचाही मला राग यायचा. तिकडे बाळाचं वजन वाढलं, तर तळपदे जिन्यात लोकांना सांगायचा, "आमच्या घराण्याची हाडंच मजबूत."

आठव्या महिन्यात हॉल मिळाला. चांदीची वाटी, खीर, फोटोग्राफर, सगळा थाट. जुईच्या भावाने, स्वप्नीलने, मामा म्हणून पहिला चमचा पुढे केला. मल्हारने आ वासला, खीर सफाईने गिळली आणि वाटीलाच हात घातला. फोटोसाठी मामा थांबला तशी पोराने किंकाळी फोडली. पाच मिनिटांत वाटी रिकामी.

तळपद्याची बहीण मृणालिनी जवळच उभी होती. "जुई, हा आधीपासून खातोय का गं?"

अनिमेष जमिनीकडे बघायला लागला.

"हो आत्या," जुई म्हणाली. "दोन महिने. शेजारच्या काकूंकडे भरवते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि याला भूक लागत होती."

सगळे तळपद्याकडे बघू लागले. मला वाटलं, आता हा माणूस निदान रागावेल तरी. त्याने सदऱ्याची बाही नीट केली आणि म्हणाला, "बाहेर खाल्लेलं धरत नाहीत. उष्टावण आज झालं." मग फोटोग्राफरला हाक मारून तो वाटीशेजारी जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुई आली नाही, म्हणून मीच डोकावले. दार उघडं होतं. मल्हारला मांडीवर घेऊन ती बाहेरच्याच खोलीत, सासऱ्यासमोर बसून, पेज भरवत होती. पोराने फुर्रकन उडवली आणि दोन थेंब सासऱ्याच्या पायावर पडले. त्याने पाय आत घेतला आणि वर्तमानपत्र थोडं उंच धरलं.