सारख्या लांबीच्या तारा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात गोटीराम एकवीस वर्षे वायरमन होता. तिथे क्षणाच्याही अगदी सूक्ष्म भागापुरता विजेचा जबरदस्त दाब देणारी यंत्रे बनत. द्राक्षाचा रस न तापवता त्यातले जंतू मारायला ती लागत. एका यंत्रात वीस इलेक्ट्रॉनिक स्विच एकावर एक रचलेले असत. ते सगळे एकदम चालू व्हायला हवेत. एखादा मागे राहिला की सगळा दाब त्या एकट्यावर येतो आणि तो फुटतो. म्हणून तळापासून प्रत्येक स्विचला इशारा नेणारी तार गोटीराम एकाच लांबीची कापी आणि जवळच्या स्विचची उरलेली तार गुंडाळून बांधून ठेवी. हातभर तारेने इशारा सेकंदाच्या दोन-तीन अब्जांशांनी मागे पडतो, आणि नुकसानीला तेवढे पुरते.

त्याला अठ्ठावन्न पूर्ण व्हायला तीन महिने होते. धाकटी मुलगी वैष्णवी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणून दोन वर्षांची मुदतवाढ त्याला हवीच होती. शिफारस करणार होता उत्पादन विभागाचा प्रमुख रविराज, वय चौतीस.

विंचूरच्या एका वाइन कारखान्याची माणसे यंत्र पाहायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी रविराजने झाकण उघडले.

“काका, हे काय, कावळ्याचं घरटं? उद्या फोटो काढायचेत. या गुंडाळ्या काढा, तारा बेताच्या कापा.”

“साहेब, लांबी सारखीच लागते. नायतर वरचा स्विच जाईल.”

“पापणी लवायच्या आत सगळं संपतं. काय फरक पडणार?”

“पापणीच्या हिशेबानं हे यंत्र चालत नाय, साहेब.”

“तुमच्या मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर आहे, काका. या वयात माणसानं जरा ऐकावं.”

तो गेल्यावर शेजारच्या टेबलावर तपासणीचे काम करणारी मंजुषा मान वर न करता म्हणाली, “कापा भाऊ. उद्या फुटलं की मी टाळ्या वाजवते.”

गोटीरामने तारा कापल्या.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर यंत्र चार मिनिटे चालले. मग सर्वांत वरचा स्विच फाडकन फुटला. पाहुणे चहा न घेताच निघून गेले.

मालकांनी सगळ्यांना बोलावून विचारले, “तारा कोणी कापल्या?”

गोटीरामने रविराजकडे पाहिले. तो मोबाइलमध्ये डोके घालून बसला होता. खरे सांगावे तर शिफारस गेली. गप्प राहावे तर हा माणूस निदान उपकार तरी लक्षात ठेवील, असे गोटीरामला वाटले.

“मी कापल्या.”

“एकवीस वर्षं झाली, आणि अजून तारेची लांबी कळत नाही?”

मंजुषा काही बोलणार होती. गोटीरामने तिला हातानेच थांबवले.

पंधरा दिवसांनी पत्र आले. मुदतवाढ नामंजूर. कारण: जोडणीतील निष्काळजीपणा. खाली रविराजची सही. गोटीराम पत्र घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला.

“साहेब, मी तुमचं नाव घेतलं नव्हतं.”

“त्याबद्दल आदरच आहे, काका. पण तुम्हीच कबूल केलंत. आता मी वेगळं कसं लिहिणार?”

गोटीरामने पत्राची घडी घालून खिशात ठेवली. उरलेले अडीच महिने त्याला पॅकिंगला बसवले. तो खोक्यांना चिकटपट्टी लावत राहिला.