मानाजीची एकशेवीस शब्दांची नक्कल

पडदा वर जातो. मद्रासेत टी. नगरमधल्या एका गल्लीतली ओसरी, सकाळचं कोवळं ऊन. डाव्या अंगाला धनलक्ष्मी विळीवर वांगी चिरते आहे. समोर पाटावर एक लांबलचक कागद. उजवीकडे तिचा नवरा मानाजी उभा. हात छातीशी, मान ताठ. वीस वर्षं तो आमच्या नाटकांतल्या दरबारांत असाच उभा राहिला.

"हॅमर," धनलक्ष्मी वाचते.

"चिझल!" मानाजी गर्जतो.

"चिझल."

"फाईल!"

"अहो, हळू की. दरबार नव्हे हा."

"हळू म्हटलं तर शब्द बसत नाही, धना."

मद्रासेतल्या तंजावरी मंडळींची आमची नाटक कंपनी होती. मी नायिका व्हायची, मानाजी द्वारपाल, दूत, भालदार. तीन-तीन वाक्यांची कामं, पण तो एकदाही अडखळला नाही. एकसष्ट साली कंपनी मोडली. मानाजी चव्वेचाळीस वर्षांचा. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. काम मिळालं नाही तर तंजावरला मेव्हण्याच्या घरी जाऊन राहायचं, एवढंच उरलं होतं. धनलक्ष्मीला ते नको होतं. "भावाच्या घरी मी पाहुणी बरी," म्हणायची.

पुढे मद्रासेजवळ अंबत्तूरला नवे कारखाने उभे राहिले. आमच्या ओळखीचे गुरुमूर्ती तिथं एका छोट्या कारखान्यात फोरमन होते. कोठारात सामान काढून द्यायला माणूस हवा होता. अट एकच, हत्यारांची आणि सुट्या भागांची एकशेवीस इंग्रजी नावं पाठ हवीत. गुरुमूर्तींनी नावं आणि अर्थ सांगितले, मी बाळबोधीत उतरवून घेतले.

आणि इथंच माझ्या हातून चूक झाली. आमच्यात नटाला पूर्ण नाटक मिळत नसे. आधीच्या पात्राचे शेवटचे शब्द आणि त्यापुढे त्याचं स्वतःचं वाक्य, एवढंच लिहिलेली नक्कल हाती यायची. मी सवयीनं ही यादीही तशीच लिहिली. हॅमरनंतर चिझल, चिझलनंतर फाईल, प्रत्येक ओळीत एक नाव आणि त्याचा अर्थ. मानाजीनं तीन आठवड्यांत सगळी नक्कल पाठ केली. धनलक्ष्मीनं शब्द द्यायचा, यानं पुढचा म्हणायचा. एकशेवीस शब्द, एक श्वास चुकत नव्हता.

परीक्षेच्या दिवशी मी बरोबर गेले होते. गुरुमूर्तींनी टेबलावरची कानस उचलली.

"हे काय, मानाजीराव?"

मानाजीनं वाकून कानस न्याहाळली.

"सांगा की."

"सर, याच्या आधीचा शब्द द्या."

सगळे हसले. मानाजीनं डोळे मिटले आणि पहिल्यापासून पुटपुटायला लागला. फाईल तिसरीच, चटकन सापडली. मग त्यांनी एक चकती उचलली. ती यादीत शहाण्णवावी होती. मानाजी पुटपुटत राहिला, कपाळावरून घाम गळत होता.

"अय्यो, मंत्र कसले म्हणता?" गुरुमूर्ती म्हणाले. "तोवर मशीन थांबवायची का? तीन महिन्यांनी या."

घरी मी रडत कबूल केलं की दोष माझ्या कागदाचा. धनलक्ष्मीनं मला पाणी दिलं. मग विळीवर धरून तो कागद कापला, एका ओळीचा एक तुकडा. अप्पळम-पापड ठेवायच्या पत्र्याच्या डब्यात तुकडे घातले, झाकण लावलं, डबा जोरात हलवला.

"आता काढा कुठलाही," ती म्हणाली. "मी अर्थ वाचते, तुम्ही नाव सांगा."

त्या दिवशी मानाजीला अकरा शब्द आले. महिन्याभरात सत्तर. शब्द हुकला की ती म्हणायची, "द्वारपाल झोपले वाटतं!" आणि हा लटका रागवायचा. तिला पायऱ्या चढताना धाप लागते, हे आम्हां दोघांनाही उशिरा दिसलं. परीक्षेला तेरा दिवस राहिले असताना, दुपारी डबा मांडीवर घेऊन बसली असतानाच ती गेली.

तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी मानाजी अंबत्तूरला गेला. गुरुमूर्तींनी उलटसुलट चाळीस वस्तू उचलल्या. एकही चुकली नाही. या खेपेस आवाज अगदी हळू होता. गुरुमूर्ती बाहेर येऊन मला म्हणाले, "अम्मा, यांना काम दिलं म्हटलं तर हसलेसुद्धा नाहीत."

चार वर्षं त्यानं कोठार सांभाळलं. तंजावरला जावं लागलं नाही. तिच्या मनासारखं झालं, पण ओसरीवर त्यानंतर विळी मांडलेली मी पाहिली नाही.

एकोणसत्तर साली तो तापानं आडवा झाला. इस्पितळात मी रोज जायची. एका सकाळी तो डब्याकडे बोट करत राहिला. डबा त्यानं उशाशी आणवला होता. त्याला बरं वाटावं म्हणून मी डबा न उघडता, धनलक्ष्मीसारखा आवाज काढून म्हटलं, "हॅमर."

त्यानं नाही अशी मान हलवली. ओठांवर जुनं, लटक्या रागाचं हसू आलं.

"ओळीनं कोणीही म्हणेल, अक्का. डबा हलवा."