घानातलं गावकूस

"ही लांबची घरं ह्याच्याकडे द्या. गावाबाहेरचं ह्याला जन्मापासून येतं."

साहेब मराठीत बोलले. मग सगळ्यांना कळावं म्हणून तेच परत हिंदीत. मनामाजवळच्या सनद भागातलं आमचं अख्खं ऑफिस हसलं. मीही हसलो. एवढ्या जोरात, की सौदीला जाणारा पूल हलला असेल. व्हिसा साहेबांच्या हातात असला की माणसाला विनोद लवकर कळतात.

साहेब आपल्याकडचेच. नाक असं, की नाकपुड्या मनामात आणि शेंडा रियाधमध्ये. कुणाच्याही ताटातला खजूर उचलतील, माझ्या डब्याकडे मात्र आत नाग बसल्यासारखं बघतील.

काम होतं घानाच्या उत्तर टोकाच्या एका तालुक्याच्या नकाशाचं. पश्चिमेला नदी, नदीपलीकडे दुसरा देश. पाऊस सरला की सहाराची धूळ. नकाशात जे घर गावाच्या हद्दीत, त्यालाच बोअरचं पाणी. हद्दीबाहेर पाणी मफी, एक थेंब नाही.

तिकडची गावं आपल्यासारखी नव्हेत. प्रत्येक घर आपल्या शेतात, दुसरं हाकेच्या अंतरावर. वेस नाही, पार नाही. कित्येक गावांत मुखियासुद्धा नव्हता. इंग्रजाला हुकूम सोडायला एक डोकं हवं होतं, म्हणून त्यानं कुणाच्या तरी डोक्यावर टोपी ठेवली. झाला मुखिया! पुढं इंग्रज गेला, तालुका फुटला, परत फुटला, त्यातून हा नवा तालुका निघाला. एवढं सगळं झालं, पण वेशीशिवाय गाव असतं हे आमच्या साहेबांना पचेना. त्यांनी मुखियाच्या घराभोवती लाल रेघ मारली.

"हे गावठाण. बाकीचं डिलीट कर."

"सर, तिथं माणसं राहतात."

"अरे, तुमचीपण राहतात की ओढ्यापलीकडं. त्याला कुणी गाव म्हणतं का? चल, यल्ला!"

कुणी हसलं नाही. मीही नाही.

आमच्या ओढ्यापलीकडं नळ आला तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं. तोवर माझी आई गावातल्या नळावर हंडा घेऊन सगळ्यांच्या मागं उभी. तिचा नंबर येईतो पाणी खलास. मला वाटायचं, ओढा देवानंच तिथं घातलाय. आज कळलं, असाच एखादा बिनडोक सावलीत बसून आमचं पाणी ठरवत होता.

"मी पुसणार नाही."

"व्हिसा कॅन्सल करू?"

"करा."

एकूण एक घर आत धरून मी नकाशा घानाच्या त्या तालुका ऑफिसला पाठवला. प्रत साहेबांना. खाली माझं नाव, आडनावासकट. तेच आडनाव, जे ऐकून साहेबांनी पहिल्या दिवशी माझा जिल्हा विचारला होता.

साहेब आता फोनवर आहेत, माझं तिकीट काढतायत. काढू देत. नोकरी जाईल. पण माणसाचं घर बाहेर टाकणारी रेघ माझ्या हातून निघणार नाही, आणि दुसऱ्यानं मारलेली दिसली तर मी ती खोडीन. त्याच्यासमोर.