अरफाचं कडवं

बतूलचा आवाज गेला त्याला सात वर्षं झाली, तरी सुदानातल्या ओमदुरमानात लग्न निघालं की बायका तिलाच बोलावतात. दलूका वाजवावी ती तिनेच. मातीचा तो ढोल शेगडीवर किती शेकायचा, कातडं कधी बोलतं, आजच्या पोरींना कुठलं माहीत?

त्या दिवशी नवरीच्या नाचाला गायला एहसान बसली होती. गळा गोड, पण गाणी सगळी कॅसेटवरून पाठ केलेली. तिने धरलं ते गाणं अरफाचं. चाळीस वर्षांपूर्वी अरफा आणि बतूल या जोडीने सगळी गल्ली वेडी केली होती. शब्द अरफाचे, ठेका बतूलचा. लग्न ठरलं तेव्हा अरफाने या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचंच नाव घातलं. पोर्ट सुदानला सासरी गेल्यावर नवऱ्याने तिचं गाणं बंद केलं, आणि पुढे दुसऱ्याच कुणाच्या आवाजात त्या गाण्याची कॅसेट निघाली तेव्हा सासरच्यांनी ते कडवंच काढायला लावलं. घरंदाज बाईचं नाव चारचौघांत कशाला, म्हणे! अरफा परत आलीच नाही. तिकडेच वारली. बतूल घरात एकटीच ते कडवं पुटपुटायची, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते नाव एकदा तरी ऐकावं म्हणून तिचा जीव तुटायचा.

एहसान शेवटाला आली आणि थांबली. बतूलने ठेका सोडला नाही. नवरी बिचारी समोर उभ्या नवरदेवापुढे नाचतच राहिली.

"मावशी, संपलं गाणं," एहसान हळूच म्हणाली.

"एक कडवं राहिलंय."

"कॅसेटमध्ये एवढंच आहे."

"घाल ती कॅसेट चुलीत," बतूल म्हणाली, आणि फाटक्या आवाजात तिनेच सुरू केलं: "अरफाला नेलं गं आगगाडीनं, गाणं राहिलं आमच्या दारी."

झील धरणाऱ्या बायकांचं एक बरं असतं. पुढची म्हणेल ते म्हणायचं, कुणाचं नि कशासाठी ते विचारत बसायचं नाही. अरफाला जन्मात न पाहिलेल्या चाळीस बायका एका दमात म्हणाल्या, अरफाला नेलं गं.

बतूलचा हात थांबला.

आता, ठेका थांबला की नवरीने अंग टाकायचं आणि नवऱ्याने तिला झेलायचं. चुकला तर त्याच्यावर गोल, फुटबॉलात होतो तसा. नवरदेव म्हातारीकडे बघण्यात गुंग, नि नवरी धपकन सतरंजीवर. बायकांनी अशी काही आरोळी ठोकली की विचारू नका. त्या कल्लोळात बतूल पोटभर रडली, आणि कुणाचं तिच्याकडे लक्षही गेलं नाही.