हिमसागराची अढी

कलकत्त्यात बालीगंजला भाड्याची जागा मिळेपर्यंत आम्ही नवराबायको काही वर्षं दक्षिणेच्या लोकल लाइनवरच्या एका खेड्यात राहत होतो. सत्तर सालच्या मागेपुढे. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात, बदली होऊन कलकत्त्याला आलेला, मूळचा रत्नागिरीकडचा. गावातून सियालदह स्टेशनला तासाभरात पोचता यायचं, म्हणून तिथे राहिलो. दुसरं काही कारण नव्हतं.

घर एका निवृत्त शाळामास्तरांचं. घरात ते, त्यांची बायको आणि त्यांची विधवा बहीण. बायकोला सगळं गाव मासीमा म्हणायचं, म्हणजे मावशी. बहिणीला पिशीमा, म्हणजे आत्या. आम्हीही तेच म्हणू लागलो. एकुलती मुलगी थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या खेड्यात दिलेली होती. बाहेरची, अंगणाकडे दार असलेली खोली आमच्याकडे होती.

तिथले उन्हाळे मला अजून आवडतात, म्हणजे आठवायला. पहाटे तळ्यात उतरलं की पाणी वर कोमट आणि गुडघ्याखाली गार लागायचं. सुटीच्या दिवशी दुपारी पांता भात असायचा: रात्री पाण्यात भिजत घातलेला भात, कच्चा कांदा, हिरवी मिरची आणि वर मोहरीच्या तेलाची धार. माझ्या बायकोने पहिल्या वर्षी तो शिळा म्हणून बाजूला सारला आणि दुसऱ्या वर्षी मागून घेतला. ताडगोळे इतके मिळायचे की नको व्हायचे.

त्रासही भरपूर. वीज नव्हती. कंदिलाभोवतीचे किडे नेमके आमटीत पडायचे. घामोळ्यांनी पाठ भाजल्यासारखी व्हायची. गुळाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवला तरी मुंग्या कुठून पोचत कोण जाणे. आणि शेजारच्या बायका. त्या दार वाजवत नसत. सरळ आत येऊन भांड्यांवरची झाकणं उचलत. मासे नाहीत हे पाहून बायकोला विचारत, नवरा खाऊ देत नाही का. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तिला बंगाली चांगली यायला लागली होती. तिने एकीला सांगितलं, "ते भाताबरोबर माझं डोकं खातात. मासा लागतच नाही." त्यानंतर त्या बायका रोज येऊ लागल्या.

अंगणात हिमसागर आंब्याचं एक झाड होतं. दुपारी सगळे निजले की पिशीमा लांब बांबू घेऊन त्याखाली बसायची आणि पोपट हाकलायची. हाकलताना त्यांच्याशी बोलायची. "मेल्या, तुझ्या बापाने लावलंय का झाड?" खोलीत पडल्यापडल्या आम्हाला ऐकू यायचं. विधवा म्हणून तिला पानात मासा नाही, एकादशीला भात नाही, सणाला पुढे यायचं नाही. दुपारचं झाड तेवढं तिचं होतं.

बंगालात ज्येष्ठातल्या षष्ठीला सासू जावयाला बोलावून जेवू घालते. त्याला जामाईषष्ठी म्हणतात. कपाळाला दह्याचा टिळा, ताडाच्या पंख्याने वारा, ताटात मोसमातली फळं आणि मासे. आमच्या पहिल्या उन्हाळ्यात वैशाखातल्या वादळाने झाडावरचे सगळे आंबे पाडले, तेव्हा मासीमाने बाजारातून आंबे आणले होते. ते जावयाच्या आईच्या कानावर गेलं. घरचं झाड असून जावयाच्या ताटात बाजारचा आंबा, असं ती चारचौघांत बोलली, आणि तेव्हापासून मुलीला माहेरी पाठवलं नव्हतं. दुर्गापूजेलाही नाही. आमच्या तिसऱ्या उन्हाळ्यात निरोप आला: दोघं येतील. मान नीट झाला तर मुलगी आषाढ लागेपर्यंत राहील. नाही तर संध्याकाळच्या गाडीने दोघं परत.

मासीमाने त्या दिवसापासून झाडाला हात लावू दिला नाही. आंबे झाडावरच पिकवायचे, षष्ठीच्या सकाळी उतरवायचे, असं तिचं ठरलं होतं.

इथे मी मध्ये पडलो. संध्याकाळी आभाळ भरून यायचं आणि मला ते आंबे पडलेले दिसायचे. मी मासीमाला सांगितलं, आमच्याकडे आंबा झाडावर पिकू देतच नाहीत. तयार झाला की उतरवायचा आणि अढी घालायची. पेंढ्याचा थर, आंब्यांचा थर, वर परत पेंढा आणि गोणपाट. पंधरवड्याने सोन्यासारखा आंबा निघतो. ती नको म्हणाली. मी दोन संध्याकाळ बोलत राहिलो. शेवटी वादळाच्या भीतीने ती तयार झाली. आंबे मीच उतरवले, अढीही मीच घातली, आमच्या खोलीच्या कोपऱ्यात.

त्या पंधरवड्यात वादळ आलंच नाही.

काही दिवसांत खोलीत वास सुटला. त्या वासात झोपताना गावी असल्यासारखं वाटायचं. मासीमा दारात येऊन उभी राहायची आणि श्वास घ्यायची. एकदा म्हणाली, उघडून पाहू या का? मी म्हणालो, अढी सारखी उघडायची नसते, ऊब जाते. आणि हेही म्हणालो, "मासीमा, मी आंब्याच्या मुलखातला आहे." ती हसून गेली. पिशीमा त्या बाजूला फिरकली नाही. जावयासाठी राखलेल्या वस्तूपासून विधवेने लांब राहायचं असतं.

हापूस आम्ही कच्चाच उतरवतो, आमच्याकडची हवाही वेगळी. हे हिमसागर उतरवले तेव्हा पिकायलाच आले होते. बंद खोलीतल्या त्या दमट उष्म्यात ते केव्हाच पिकून पुढे गेले होते. षष्ठीला दोन-तीन दिवस राहिले असताना मी गोणपाट उचललं. देठाकडे सगळे काळे पडलेले, रस पेंढ्यात उतरलेला, मुंग्यांची रांग भिंतीपर्यंत. मासीमा जमिनीवर बसली.

तेव्हा पिशीमा पहिल्यांदा आमच्या खोलीत आली. तिने एकेक आंबा उचलून दाबून पाहिला, जिथे चांगला होता तिथला गर कापून काढला, आणि गाळून, तेल लावलेल्या चटईवर पातळ पसरून उन्हात टाकला. बंगालीत आमसत्त्व म्हणतात, आमच्याकडे साठं. घरच्या झाडाचं काहीतरी ताटात पडेल, एवढी सोय झाली.

पण आंब्यांवाचून उघडं पडलेलं झाड जावयाला दिसणार होतं. त्या संध्याकाळी ओसरीवर तेवढाच विषय. जावयाचे आंबे परक्या भाडेकरूच्या ताब्यात दिले हे सांगणं म्हणजे बाजारच्या आंब्याहून मोठा अपमान, असं मास्तर म्हणाले. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. पिशीमा तांदूळ निवडत होती.

"माझं नाव सांगा," ती म्हणाली. "न विचारता उतरवले म्हणावं. विधवेचा हात लागला, नासले. ते हसतील आणि जेवतील."

मासीमाने माझ्याकडे पाहिलं. मी कंदिलाची वात सारखी करत होतो. ती करतच राहिलो.

षष्ठीला तसंच झालं. मला जावयाशेजारी पंगतीला बसवलं होतं. त्याने साठं दुधात कालवून खाल्लं, आईसाठी बांधून मागितलं, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "पिशीमा, पुढच्या वर्षी झाडाकडे बघायचंसुद्धा नाही हं. आंबे घाबरतात."

आतून उत्तर आलं, "नाही बघणार, बाबा. डोळ्यांना पट्टी बांधते."

सगळे हसले. मीही हसलो. मुलगी आषाढ लागेपर्यंत राहिली आणि त्यानंतर दर वर्षी येऊ लागली.

त्या हिवाळ्यात आम्ही बालीगंजला गेलो. पुढच्या उन्हाळ्यात एकदा भेटायला गेलो, तर झाडाखाली एका गड्याला बसवलेलं आणि तो झोपलेला. पिशीमा ओसरीवर झाडाकडे पाठ करून बसली होती. जावयाची थट्टा घरात नियम होऊन बसली होती. कोणी तसं ठरवलं नव्हतं. ती झाडाकडे निघाली की शेजारच्या बायका नुसतं म्हणायच्या, कशाला उगाच. काही वर्षांनी पिशीमा गेली. कलकत्त्याच्या मराठी मंडळींत मी मात्र हा किस्सा बरीच वर्षं सांगितला, आणि जावयाने ऐकला होता तसाच सांगितला. लोक हसायचे.

आता मी मुलाकडे कलकत्त्याच्या न्यू टाउनला असतो. मास्तरांच्या मुलीचा मुलगाही तिकडेच राहायला आला आहे. मध्यंतरी ती नातवंडांना घेऊन आमच्याकडे आली होती. सत्तरी ओलांडली आहे. आंब्यांचा विषय निघाला आणि तिने नातवंडांना पिशीमाची गोष्ट सांगितली: कशी तिने घाई करून सगळे आंबे नासवले आणि आजोबा काय म्हणाले. मुलं हसली.

मी तिला सांगितलं, आंबे मी उतरवले होते. अढी माझी होती. आंबे नासेपर्यंत पिशीमाने हातही लावला नव्हता. तिने फक्त नाव दिलं, तुला राहता यावं म्हणून.

तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"दादा, तुम्ही पहिल्यापासूनच भले," ती म्हणाली. "गेलेल्या बाईचा दोष कोण असा आपल्या अंगावर घेतं?"

आणि नातवंडांना म्हणाली, नमस्कार करा यांना. मी परत सांगू लागलो, पेंढा कुठून आणला, गोणपाट कुणाचं होतं. तोवर मुलं पायाशी वाकली होती.