गोणीत तीन कटर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी एरंडोलच्या बसस्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. माहेरी आलेल्या लेकी सासरी परतत असतात. हातात नव्या बांगड्या, पिशवीत पापड-कुरडया, डोळे लाल आणि शेजारी सोडायला आलेला भाऊ. त्या दिवशी मीही त्यांच्यातच उभी होते. माझ्या पायाशी मात्र युरियाची जुनी गोणी भरून ठेवलेली होती, आणि तिच्यात माझ्या वडिलांचे, आबांचे, तीन जुने कटर होते. झाडं कापायच्या चेनवाल्या मशीनला आमच्याकडे सगळे कटरच म्हणतात. कंडक्टरने बुटाने गोणी चाचपली आणि विचारलं, "काय शे येमा?" मी म्हटलं, "आंदन." त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि लगेजचं तिकीट काढलं.

मला सोडायला भाऊ आला नव्हता, माय आली होती. खिडकीच्या गजाला धरून ती म्हणाली, "तुनं जे शे ते तू ली जाय, पोरी. मांगे पाहू नको." धुळ्याची बस वळेपर्यंत मी मागेच पाहत होते. मायचं सगळंच मी कधी ऐकलं आहे?

धुळं म्हणजे काय परदेश आहे का, असं तुम्ही म्हणाल. म्हणताच. माझी मामेबहीण कॅनडात आहे, शाळेतली मैत्रीण पुण्यात. त्या ग्रुपवर घराची आठवण लिहितात तेव्हा सगळ्यांना भरून येतं. मी लिहिलं की हसणारे चेहरे येतात. पारोळा ओलांडलं की धुळं, त्यात कसलं आलंय घर सोडणं? तर मागे राहिलेल्यांनो आणि लांब गेलेल्यांनो, तुम्ही दोघेही ऐका. परत जायची वाट बंद झाली की घर दोन तासांवर असलं काय आणि दोन समुद्रांपलीकडे असलं काय, ते सारखंच लांब. उलट लांबच्यांना विमानाच्या तिकिटाची सबब तरी असते. माझ्या दारावरून तर दर अर्ध्या तासाला एरंडोलची बस जाते.

आबांचं दुकान हायवेला होतं. धुळ्याच्या लाकूड वखारींपासून चोपड्यापर्यंतचे कटर तिथे येत. मी शाळेतून आले की दप्तर टाकून त्यांच्यासमोर बसायची. मशीन हातात घेतलं की आबा आधी वास घ्यायचे. टाकीचा, एअर फिल्टरचा, चेनचा. "आधी नाक, मंग पाना," हे त्यांचं ठरलेलं. जळका वास कुठून येतो, पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं का, हे ते स्क्रू न उघडता सांगत. आणि गिऱ्हाईक म्हणालं की आबा, हे गेलं आता, तर चिडून म्हणत, "मशीन मरत नई, मानूस कटाळस."

मला सावद्याला दिलं. केळीवालं घर, भरलेलं. मारझोड नव्हती, उपासमार नव्हती. फक्त त्या घरात मी बोललेलं कुणाला ऐकू जात नसे. तीन वर्षं पाहिलं आणि परत आले. पदरी पडलं पवित्र झालं, असं मला निदान दहा जणांनी ऐकवलं. त्या दहातल्या एकाच्याही पदरात माझा नवरा पडला नव्हता. आबा होते तोवर कुणी फार बोललं नाही, मी पुन्हा त्यांच्यासमोर बसून काम करू लागले. मग आबा गेले, आणि वर्षश्राद्ध होताच भावाने दुकान रिकामं करायला काढलं. तिथे त्याला बी-बियाण्याचं दुकान घालायचं होतं. वाईट नाही तो. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, त्याच्यामागे त्याचा संसार. पण आबांचे डबे, पिस्टन, रिंगा, तारेत ओवलेले इग्निशनचे पॉइंट बघून तो म्हणाला, "अक्का, हाई बठ्ठं भंगार शे. कोन वापरस आते?"

मी म्हटलं, मी वापरते. भांडण झालं, भाऊबंद जमले आणि असं ठरलं की पुढच्या आखाजीपर्यंत माझं मी पाहायचं. तोवर या भंगारावर मला उभं राहता आलं नाही, तर निमूटपणे सावद्याला नांदायला जायचं. ते लोक घ्यायला तयार होते. मला काय हवंय हे त्या बैठकीत कुणी विचारलं नाही, म्हणून मी विचारण्याची वाट न पाहता गोणी भरली.

धुळ्यात हिरामण नाना हे आबांचे जुने गिऱ्हाईक. त्यांची लाकडाची वखार आहे. त्यांनी पत्र्याच्या शेडचा एक कोपरा मला दिला, पण स्वतःचं मशीन दुरुस्तीला दिलं नाही. मी मागितलं तेव्हा सरळ म्हणाले, "तो तुना बापना हात व्हता. तुना नई." आणि नानांनी दिलं नाही म्हणून बाकीच्या वखारवाल्यांनीही दिलं नाही. पहिले सहा महिने मी केळीवाल्यांचे फवारणी पंप दुरुस्त केले. तेही चालतंच म्हणा, इंजिन एकाच जातीचं. पण मी त्यासाठी घर सोडलं नव्हतं.

उरलेल्या वेळात मी आबांचे तीन कटर जिवंत करायला घेतले. चाळीस-चाळीस वर्षांची मशीनं. नव्याचा पार्ट मोबाइलवर बोट ठेवलं की घरी येतो. जुन्याचा पार्ट शोधायला पाय झिजवावे लागतात. क्रँकचं सील स्कूटरचं बसतं. रिंग जुन्या मोपेडची घेऊन कानशीने जमवावी लागते. एक कार्बोरेटर मला मालेगावच्या भंगार बाजारात सापडला. दुकानदाराने तो बिलांवर दाब म्हणून ठेवला होता, आणि मी मागितला तर त्याला पर्यायी दगड मलाच शोधून द्यावा लागला. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने कार्बोरेटरमधला जुना रबरी पडदा पापडासारखा होतो, तो बदलणं तर रोजचंच. एका गास्केटचं, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या कागदी चकतीचं, माप काही केल्या मिळेना. शेवटी जुन्या मशीनच्या एका ग्रुपवर फोटो टाकला. फिनलंडमधल्या एका आजोबांनी कागदावर हाताने काढून, मापं घालून पाठवलं. मी ते माझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकेतून कापलं. कागद चांगला जाड होता. तेवढा तरी त्या पत्रिकेचा उपयोग झाला.

तिन्ही चालू झाले. पण आपलेच कटर आपणच चालू करून कोण विचारतो? फाल्गुन संपला, आखाजी तोंडावर आली, आणि वखारीच्या ओळीतलं एकही मशीन माझ्या बाकावर आलं नव्हतं. झोप लागत नव्हती. सावद्याच्या ओट्यावरचा झोपाळा डोळ्यांसमोर यायचा आणि मी उठून कानस हातात घ्यायची.

तेव्हाच नानांचा मोठा पिवळा कटर गेला. चेन ज्या पट्टीवरून फिरते ती पट्टी दहा मिनिटांत निळी पडायची, धूर यायचा, चेन सैल होऊन लोंबायची. दोन मिस्त्रींनी दोनदा पट्टी बदलली, चेन बदलली, इंजिन खोलून पुन्हा बसवलं. मग म्हणाले, मशीन म्हातारं झालं, पार्ट मिळत नाहीत. नाचता येईना, अंगण वाकडं. नानांनी तो भंगारवाल्यासाठी बाहेर काढून ठेवला.

मी न विचारता उचलला. नाक लावलं. इंजिनाला काही वास नव्हता. चेनला ऑइल पुरवणारी छोटी टाकी उघडली, ती काठोकाठ भरलेली, म्हणूनच मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. तिच्यातून वास आला तो भज्यांच्या शिळ्या कढईचा. सरकी! नानांच्या व्याह्यांची तेलाची घाणी. घरचं सरकीचं तेल फुकट असताना चेनला विकतचं ऑइल घालेल तो खानदेशी कसला? चालू मशीनला ते चालतंही. पण महिनोन्महिने मशीन कोपऱ्यात बसलं की ते तेल सुकून चिकट, पिवळं, डिंकासारखं होतं. पंप आतून चिकटला होता. टाकी भरलेली आणि चेन कोरडी.

त्या मिस्त्रींनी जन्मात कढई घासली नसावी. कढईचा तो थर कशाने जातो हे खानदेशातल्या कुठल्याही बाईला विचारा. मी पंप काढला आणि धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात घातला. दोनदा पाणी बदललं. दुपारपर्यंत पंप बोटाने फिरू लागला.

मी मशीन जोडत होते आणि भाऊ दारात आला. पांढरा शर्ट घालून, सावद्याचा निरोप घेऊन. "अक्का, त्या लोकं वाट पाही राहिनात," तो म्हणाला. मी म्हटलं, थांब जरा. दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला मशीन बोललं. वर्तमानपत्राचं पान जमिनीवर धरून चेनचं टोक त्याच्यावर आणलं, तर कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली. मग बाभळीचा ओंडका कापला. पट्टी पांढरीच राहिली. नाना केव्हा येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. ते माझ्याशी बोललेच नाहीत, भावाला म्हणाले, "हाऊ हात तिनाच शे, भाऊ. बापना नई."

मी भावाला सांगितलं की मी सावद्याला जाणार नाही. आत्ता नाही आणि पुढच्या आखाजीलाही नाही. त्याने तिकडे आधीच शब्द दिला होता, त्याला तोंड दाखवायचं होतं. मग म्हणाला, "मंग ते घर तुले बंद शे." चहा पिऊन गेला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? पण रडतानासुद्धा मी मनात म्हणत होते की शब्द तू दिलास, मी नाही.

याला आता चार वर्षं झाली. रीतसर फारकतही झाली. शिरपूर, साक्री, चोपडा, इकडून जुने कटर माझ्याकडे येतात. आता रस्त्याला लागून माझा स्वतःचा गाळा आहे, मागच्या खोलीत मी राहते. लोक पाटी वाचतात, मला बघतात आणि विचारतात, मिस्त्री कुठे गेला? मी म्हणते, समोर बसलीय. पार्ट नाही मिळाला तर मी तसं सांगते. मेलं म्हणून मात्र कुठल्या मशीनला सांगत नाही.

एक गोष्ट जमत नव्हती. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात, त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, करतात आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. दिलेल्या लेकीची मूठ माहेरी मोजत नाहीत. फारकतीनंतर सासरने माझी काढून टाकली. तीन श्रावण माझी मूठ जगात कुठेच नव्हती. कानबाईच्या रविवारी मी शटर ओढून आत बसायची आणि उगाच स्पार्कप्लग घासायची.

यंदा मी गव्हाचा डबा उघडला. शेजारीण दारातून म्हणाली, "ताई, एकलीना रोट नई राहस." मी म्हटलं, आजपासून राहतो. कानबाईला माझं काही चुकलं असं वाटलं तर ती मला सांगेल, तिला माझा पत्ता माहीत आहे. ज्या जागेचं कुलूप मी उघडते, जिथे माझ्या कामावरून मला ओळखतात, जिथून मला उठ म्हणायला कुणी येत नाही, ते माझं घर. त्या घरात माणूस एकच असेल तर एकच मूठ.

मी सव्वा मूठ ताटात घेतली आणि फोन वाजला. माय होती. दर सणाला विचारते तेच तिने विचारलं, "घर कव्हय येशी, पोरी?"

"घरमाच शे मी, माय. रोटना गहू मोजी राहिनू."

मागे भावाच्या घरात भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी तिला हाक मारत होतं. मला वाटलं आता ओरडेल, रीत सांगेल. मग ती हळू, पण अगदी स्पष्ट बोलली, "मनी बी मूठ ले. मी येस दुपारनी बसवर."

मी फोन खांद्याला धरला आणि डब्यात पुन्हा हात घातला.