काकांची बॅटरी, काकूची बॅटरी

आमच्या काकांना सगळे मीटरकाका म्हणतात, अर्थात पाठीमागे. जन्मभर शाळेची बस चालवलेला हा माणूस महाभित्रा. आणि मी म्हणते, पोरांच्या गाडीला ड्रायव्हर असाच हवा. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी डिझेल व्हॅन घेऊन तिच्यात पलंग, ओटा, फ्रिज बसवून घेतला. हौस काकूची. तिची फुप्फुसं पार थकलेली. नाकाला सदा नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं यंत्र. पण बाईला तळं बघायचं होतं, म्हणजे बघायचंच होतं.

व्हॅनमध्ये दोन बॅटऱ्या. इंजिन सुरू करते ती काकांची, यंत्र आणि दिवे चालवते ती काकूची. दोन्हींच्या मध्ये एक पिवळा खटका. तो बसवताना इलेक्ट्रिशियननं काकांना बजावलं होतं, "इंजिन चालू असताना खटका लावा, दोन्ही भरतील. इंजिन बंद करायच्या आधी आठवणीनं काढा. नाहीतर काकूंची बॅटरी तुमचीही खाऊन टाकेल."

"घरी तरी वेगळं काय चालतं?" काकू म्हणाली होती.

त्या सहलीला मीही सोबत होते. तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला आम्ही व्हॅन लावली. आभाळ गच्च भरलेलं, त्यामुळे टपावरच्या सोलरचा काही उपयोग नव्हता. काका सारखे काकूच्या बॅटरीचा मीटर बघत. आकडा उतरला की त्यांचं तोंडही उतरे. शेवटी दुपारी त्यांनी इंजिन सुरू करून खटका लावला.

थोडा वेळ बरा गेला. मग त्यांना आरशात एक चिमुरडी चेंडूच्या मागे धावत व्हॅनच्या मागे शिरताना दिसली. हात आपोआप किल्लीवर गेला. इंजिन बंद, आणि काका खाली. बसच्या मागे पोर दिसलं की ते जन्मभर हेच करत आले होते. चाकांखाली वाकून बघितलं, पोरीला तिच्या आईच्या हवाली केलं, आईला चार शब्द सुनावले. ती माणसं घाईघाईनं गाडीत बसून निघून गेली.

खटका मात्र तसाच लागलेला राहिला.

मीटर आता झकास आकडा दाखवत होता. दाखवणारच, काकांची बॅटरी काकूला पाजत होती. "भरली वाटतं," म्हणत काका प्रथमच निर्धास्त आडवे झाले. माझाही डोळा लागला.

जाग आली ती यंत्राच्या कर्कश शिट्टीनं. शिट्टीही लगेच विझली. काकांनी धावत जाऊन किल्ली फिरवली. टक. पुन्हा टक. मग त्यांना खटका दिसला आणि ते पांढरेफटक पडले.

"मी काय करून बसलो गं!"

उरला होता ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर, जेमतेम तासाभराचा. अँब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, यायलाच तास लागेल. दवाखाना त्याच्या निम्म्या अंतरावर होता.

"ढकलून सुरू होईल," काका म्हणाले, पण जागचे हलेनात. उतार संपतो तिथं रस्ता वळत होता आणि वळणापुढे पाणी होतं. "इंजिन बंद असलं की ब्रेक लागता लागत नाही, स्टिअरिंग वळत नाही. नाहीच सुरू झालं तर सरळ तळ्यात जाऊ."

"आणि इथं बसून?" काकूला तेवढं बोलूनही धाप लागली. "चला हो. मी बसते शेजारी."

आम्ही तिला सिलिंडरसकट पुढच्या सीटवर बसवलं. काकांनी क्लच दाबून धरला. मी मागून जीव खाऊन ढकललं. व्हॅन कुरकुरली, हलली, माझ्या हातातून सुटली आणि मुकाट खाली धावत सुटली. ते मुकाट जाणं मला अजून आठवतं. पाणी जवळ येत होतं.

एक हिसका. काळा धूर. इंजिन खोकलं, धरलं, आणि व्हॅन अगदी काठावरून वळली.

मी मागे धावले. मला घ्यायला काकांनी वेग कमी केला. दोन्ही बॅटऱ्या मेलेल्या. इंजिन बंद पडलं असतं, तर पुढे ढकलायला उतार नव्हता.

"थांबू नका!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले. "काका, थांबू नका!"

ते गेले. त्या निर्जन रस्त्यावर मी फोन मुठीत घट्ट धरून उभी होते, तो वाजावा म्हणून आणि वाजू नये म्हणूनही. वाजला तेव्हा नाव काकांचं होतं. उचलायचा मला धीर होईना.

"पोचलो गं," पलीकडून काकू म्हणाली.